तिथीची पाऊणपट: मुंबईच्या किनाऱ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मुंबईचा किनारा, तिथली पाहण्यासारखी ठिकाणं आणि पशुपक्षी यांबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत एक सूर फार वेळा दिसला: ‘गेलो, पण काही दिसलंच नाही.’ म्हणून पहिल्या उत्तराला जरा जास्त जागा दिली आहे. पुढची बरीचशी उत्तरं त्याच्याच आधारावर उभी आहेत.

प्रश्न: फेब्रुवारीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला मुद्दाम साताऱ्याहून आलो. अमावास्येचा दिवस होता. दुपारी साडेबाराला शिवडीच्या जेट्टीवर पोचलो तर समोर नुसतं पाणी, पक्षी एकही नाही. हंगाम बरोबर होता, जागा बरोबर होती, मग चुकलं काय? (एक वाचक, सातारा)

वेळ चुकली. आणि ती घड्याळातली नव्हे, समुद्राची.

रोहित पोहू शकतो, पण तो खातो चिखलात उभा राहून, घोट्यापासून नडगीपर्यंतच्या पाण्यात. शिवडीसमोर मैलभर पसरलेला चिखल आहे. पूर्ण ओहोटीला पाण्याची कड इतकी आत जाते की पक्षी म्हणजे क्षितिजावरची गुलाबी रेघ. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी उठून दुसरीकडे जातात. कामाची वेळ या दोहोंच्या मधली: भरतीच्या आधी किंवा नंतर दोन ते तीन तास. तेव्हा पाण्याची कड जेट्टीच्या जवळ असते आणि कडेबरोबर पक्षीही.

भरती कधी, हे काढायचा कोकणातला जुना हिशेब आजही चालतो. तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. मुंबईत प्रत्यक्षात ती बाराच्या आसपास येते. म्हणजे तुम्ही अगदी भर भरतीला, तेही उधाणाच्या दिवशी पोचलात. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब तासाभराने चुकू शकतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या छापील किंवा ऑनलाइन तक्त्याशी ताडून पाहा. पण महिनाभर आधी रेल्वेचं आरक्षण करताना कालनिर्णय पुरतं.

आता उजेड. शिवडीचा चिखल जेट्टीच्या पूर्वेला आहे. सकाळी सूर्य समोर येतो आणि पक्षी काळ्या सावल्यांसारखे दिसतात. दुपारी तीननंतर सूर्य पाठीशी जातो. म्हणून शिवडीसाठी दोन गट सोयीचे: प्रतिपदा-द्वितीया, जेव्हा भरती दीडच्या आसपास होऊन गेलेली असते आणि चारला पाणी उतरत असतं, किंवा अष्टमी-नवमी, जेव्हा भरती सहा-सातला असते आणि चारला पाणी चढत असतं. यातला दुसरा गट आम्हाला जास्त आवडतो. ते भांगाचे दिवस. पाणी सावकाश आणि थोडंच हलतं, त्यामुळे पक्षी एका टप्प्यात बराच वेळ राहतात.

हार्बर मार्गावरच्या शिवडी स्टेशनला पूर्वेकडे उतरा. पुढचा रस्ता गोदामांचा आणि अवजड ट्रकांचा आहे. मुलांचा हात धरून चाला. सावली, पाणी, स्वच्छतागृह यांची अपेक्षा ठेवू नका. दुर्बीण ८×४२ पुरते, फोटोसाठी ४०० मिलीमीटरच्या आतली लेन्स कमी पडते. १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू इथूनच निघतो, त्यामुळे जुन्या फोटोंतली मोकळी चौकट आता मिळणार नाही.

शिवडी गैरसोयीची वाटत असेल तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र बघा. तिथून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात बोट नेतात. हे अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. बोटीला पाणी लागतं, म्हणून फेऱ्यांच्या वेळा रोज भरतीप्रमाणे बदलतात. आधी नोंदणी केल्याशिवाय जाऊ नका. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर असल्यामुळे इथे उजेडाचा हिशेब उलटा: सकाळची फेरी घ्या.

प्रश्न: थव्यात काही पक्षी मळकट करडे दिसले. ते आजारी असतात का? आणि लहान व मोठा रोहित लांबून कसा ओळखायचा? (एक वाचक, नाशिक)

करडे ते पोरगे. पिल्लू करडं असतं आणि पुरता गुलाबी रंग चढायला दोन-तीन वर्षं जातात, कारण रंग अन्नातून येतो.

लहान आणि मोठा रोहित या दोन वेगळ्या जाती, वयाचा संबंध नाही. ओळखायला अंगाचा रंग बघू नका, चोच बघा. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. लहान रोहितची सगळीच गडद, किरमिजी-काळी. लांबून ती काळीच वाटते. थव्यात मोठा रोहित मान काढून उठून दिसतो: लहान ८०-९० सेंटिमीटरचा, मोठा सव्वा ते दीड मीटरपर्यंत. गंमत अशी की जास्त गुलाबी असतो तो लहान. ठाणे खाडीत संख्येनं तोच पुष्कळ जास्त आहे.

दुर्बिणीतून एकाच पक्ष्यावर पाच मिनिटं थांबा. तो मान खाली सोडतो आणि डोकं उलटं करतो. वरची चोच खाली, खालची वर. जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, चिखलाचं पाणी आत ओढलं जातं आणि चोचीच्या कडांवरच्या बारीक दात्यांतून गाळून बाहेर फेकलं जातं. लहान रोहितच्या चोचीची गाळणी फार बारीक, तिच्यात निळं-हिरवं शेवाळ अडकतं. मोठ्याची जाड, तिच्यात बारीक कवचधारी प्राणी आणि किडे. म्हणून दोघं एकाच चिखलात शेजारी चरतात आणि भांडत नाहीत. आणि पायाच्या मधोमध जो ‘उलटा गुडघा’ दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो.

प्रश्न: भरतीला हे पक्षी जातात कुठे? (एक वाचक, पनवेल)

तुमच्याच बाजूला. नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांत आणि तळ्यांत ते भरती उतरेपर्यंत थांबतात, रात्रीसुद्धा. म्हणून शिवडीला जी वेळ वाईट, ती नेरुळला चांगली. ही ये-जा अंधारातही चालते. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर विमानाला थवा धडकून ३९ रोहित मेले. पाणथळ बुजवली किंवा तिच्यात येणारं भरतीचं पाणी अडवलं तर पक्ष्यांना खाडीजवळ टेकायला जागा उरत नाही, इतका साधा हा प्रश्न आहे.

प्रश्न: घारापुरीच्या लाँचमध्ये सगळे जण पांढऱ्या पक्ष्यांना शेव-गाठ्या घालत होते. मुलांनीही घातल्या. ते बगळे होते का, आणि खायला घालणं बरोबर आहे का? (एक वाचक, लातूर)

बगळे नव्हेत, कुरव, म्हणजे सीगल. हिवाळी पाहुणे, साधारण नोव्हेंबर ते मार्च.

खायला घालू नका. तळलेलं, मिठाचं फरसाण हे त्यांचं अन्न नाही. शिवाय पक्षी बोटीला चिकटून उडायला शिकतात, पुड्या समुद्रात जातात आणि मुलं कठड्याबाहेर वाकतात. यातलं तिसरं कारण एकटंच पुरेसं आहे. लाँचचा पंखा पाणी ढवळतो, त्यात बारके मासे वर येतात आणि कुरव मुळात त्यांच्यासाठीच मागे येतात. गाठ्या थांबल्या की खरी शिकार दिसते: पक्षी पंख तिरका करतो, पाय लोंबते सोडतो आणि न थांबता पाण्याला चोच लावून वर येतो.

गर्दीत बहुधा दोन जाती असतात, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. नावावर जाऊ नका. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी असतात, फक्त डोळ्यामागे एक काळपट ठिपका. पंख बघा. काळ्या पंखटोकात पांढरे ठिपके आणि डोळा फिकट, तो तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पाचर आणि डोळा गडद, तो काळ्या डोक्याचा. मार्चमध्ये गेलात तर काहींची डोकी रंगायला लागलेली दिसतात. तपकिरी डोक्याचे कुरव मग लडाख-तिबेटच्या उंचावरच्या तळ्यांकडे निघतात.

घारापुरीबद्दल थोडं. सोमवारी लेणी बंद. गेटवेहून लाँचला तास लागतो. लाइफ जॅकेट नुसतं अंगावर टाकू नका, पट्टे आवळा. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या वाटेवर झालेल्या लाँच-अपघातानंतर तरी यात हयगय नको. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी आगगाडी आहे, पण ओहोटी असेल तर चालतच जा. दोन्ही बाजूंच्या चिखलात निवटे उड्या मारताना दिसतात. हा मासा कल्ल्यांशेजारच्या पिशवीत पाणी भरून जमिनीवर येतो, ओल्या कातडीतूनही श्वास घेतो आणि मधूनमधून कुशीवर लोळून अंग भिजवतो. पुढे सव्वाशेच्या आत-बाहेर पायऱ्या. माकडं हातातली पिशवी आणि शीतपेयाची बाटली हिसकावतात, तेव्हा खाणं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये. पहिल्या लेण्यातली त्रिमुखी सदाशिवाची मूर्ती सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. तिच्यासमोर आधी लांब उभे राहा, खांबांच्या रांगेमधून. जवळ गेल्यावर तीन चेहरे एका नजरेत मावत नाहीत.

प्रश्न: मुंबईच्या खडकांवर प्रवाळ आणि ऑक्टोपस दिसतात असं ऐकलं. इतक्या घाणेरड्या समुद्रात? खरं असेल तर कुठे आणि कसं पाहायचं? (एक वाचक, डोंबिवली)

खरं आहे. मुंबईची पूर्व बाजू चिखलाची, तर पश्चिम बाजूला वाळूच्या पट्ट्यांमध्ये खडक. त्या खडकांवर ओहोटीला पाण्याची डबकी उरतात आणि बघायचं ते त्यांत. वांद्र्याचा बँडस्टँड किंवा कार्टर रोड नवख्याला सोयीचे. हाजीअली-वरळीच्या खडकांवरही हे जग आहे, पण सागरी किनारा मार्गाच्या कामात तिथला काठ बराच बदलला. त्या कामाआधी काही प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले.

दिवस निवडायचा तो पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेआठच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी. तक्त्यात उंचीचा आकडाही बघा. ओहोटीची पातळी एक मीटरच्या खाली असेल तरच जाण्यात अर्थ आहे, अर्ध्या मीटरच्या खाली असेल तर उत्तम. पोचायचं ओहोटीच्या तास-दीड तास आधी. पाणी उतरेल तसं त्याच्यामागे खाली जायचं आणि ओहोटीची वेळ झाली की पाठ फिरवायची. माणसं अडकतात ती इथेच. पाणी समोरून येताना दिसत नाही, ते बाजूच्या खाचांतून मागे भरतं आणि तुमचा परतीचा खडक बेट होतो.

चपला नकोत. मागे पट्टा असलेले रबरी तळव्याचे सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. हिरवं शेवाळ निसरडं असतं आणि त्यावरून घसरल्यावर हात टेकतो तो कालवांच्या धारेवर. ती जखम ब्लेडसारखी होते आणि या पाण्यात चिघळते. बाटलीभर गोडं पाणी आणि जंतुनाशक जवळ ठेवा.

वरून खाली जाताना खडकाचे मजले लागतात. सर्वांत वर बारीक गोगलगायी, ज्या जवळजवळ दिवसभर कोरड्या राहतात. मग बार्नकलची खरखरीत पांढरी पुटं, मग कालवं. त्याखाली ओलसर, रबरासारखा हिरवट-तपकिरी गालिचा लागतो. अनेक जण तो शेवाळ समजून तुडवतात. ते झोअँथिड, प्रवाळांचे नातेवाईक. पाण्याखाली असले की प्रत्येक गाठ फुलासारखी उघडते, उघडी पडली की मिटून घेते. डबक्यांत समुद्रफुलं, स्पंज, खेकडे. अगदी खालच्या मजल्यावर, जो महिन्यातून मोजक्याच वेळा उघडा पडतो, तिथे प्रवाळाच्या लहान वसाहती. नशीब असेल तर खडकाच्या फटीत एखादा छोटा ऑक्टोपस. रिकाम्या खेकड्याच्या कवचांचा ढीग दिसला तर फटीत आत बघा.

डबक्यावर एकदम वाकू नका, सावली पडली की सगळं थिजतं. बाजूला उकिडवे बसा आणि तीन मिनिटं गप्प राहा. मग जो शंख चालायला लागेल तो शंख नव्हे, त्यात बिऱ्हाड केलेला खेकडा आहे. रिकामे शंखही घरी नेऊ नयेत ते यासाठीच. शंख मिळाला नाही तर तो बाटलीचं टोपण डोक्यावर घेऊन फिरतो. दगड उलटला तर हळूच पूर्वीसारखा ठेवा, खालचे जीव उन्हात तासाभरात मरतात. शंकूच्या आकाराचा देखणा शंख जिवंत असेल तर विषारी नांगी मारतो, त्याला हातच लावू नका. प्रवाळ तोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. वाघाइतकंच संरक्षण त्याला आहे.

एकट्यानं जायचा धीर होत नसेल तर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ पासून अशा किनारफेऱ्या घेतो.

प्रश्न: विसर्जनाला चौपाटीवर पायाला काहीतरी डसलं तर घरगुती इलाज काय? (एक वाचक, गिरगाव)

आधी काय डसलं ते ठरवा, कारण पुढचा धोका वेगळा आहे. पाकटाचा, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचा, काटा असेल तर पावलाला किंवा घोट्याला एकच जखम, रक्त आणि झपाट्यानं वाढणारी कळ. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर पुष्कळांना हे झालं. जेलीफिश किंवा ब्लूबॉटल असेल तर जखम नाही, चाबूक ओढल्यासारखे लाल वळ. ब्लूबॉटल, म्हणजे निळा फुगा आणि खाली लांब दोरे, पावसाळ्यात जुहूसारख्या वाळूच्या किनाऱ्यांवर लागतात. वाळूवर मेलेली दिसली तरी तिचे दोरे डसतात.

दोन्हीला गरम पाणी. सोसेल इतकं गरम, साधारण ४५ अंश. आधी स्वतःचा चांगला हात घालून बघा, कारण कळ मारणाऱ्या पायाला चटका समजत नाही. पाकटासाठी अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवा. मग डॉक्टरांकडे, कारण काट्याचा तुकडा आत राहतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं. ब्लूबॉटलसाठी आधी समुद्राच्याच पाण्यानं धुवा, दोरे चिमट्यानं किंवा कार्डाच्या कडेनं काढा, मग वीसेक मिनिटं गरम पाणी. वाळू चोळणं, लिंबू चोळणं, व्हिनेगर ओतणं, टॉवेलनं खसाखसा पुसणं यांनी उरलेल्या पेशी फुटून विष वाढतं. श्वास लागला, चेहरा सुजला, उलट्या झाल्या तर पाणी तापवत बसू नका, रुग्णालय गाठा.

पाण्यात शिरताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत पुढे सरका. पाकट वाळूत अंग पुरून बसतं. पाय घासला तर ते निघून जातं, पाठीवर पडला तर शेपूट उलटवतं. अनंत चतुर्दशीला हिशेबाप्रमाणे भरती साडेदहा-अकराच्या पुढे, उधाणाची. पाणी गढूळ आणि तळ दिसत नाही. मूर्ती प्रशिक्षित माणसांच्या हाती देणं त्या दिवशी शहाणपणाचं.

प्रश्न: जुलैत एकच दिवस मुंबईत आहे. मरीन ड्राइव्हच्या लाटा, हाजीअली आणि गेटवे एवढं जमेल का? (एक वाचक, नांदेड)

जमेल, तिथी सांभाळून. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे आणि म्हणूनच नेहमी भर दुपारी. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका आधी जाहीर करते. त्याच वेळी हाजीअलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते. तेव्हा सकाळी आठ-नऊला हाजीअली, बाराच्या सुमारास मरीन ड्राइव्ह, संध्याकाळी गेटवे.

मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसू नका. रस्त्यापलीकडच्या फुटपाथवरून लाट पूर्ण दिसते आणि पाठीशी आर्ट डेको इमारतींची रांगही, जी २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. टेट्रापॉडवर, म्हणजे काठावरच्या काँक्रीटच्या चार पायांच्या ठोकळ्यांवर, तर पाऊलही नको. त्यांच्यामधल्या फटी लाटेचा जोर मोडायला मुद्दाम ठेवलेल्या असतात. माणूस त्यात घसरला की वरून दिसतही नाही.

गेटवे १९२४ च्या डिसेंबरात खुला झाला. २६ मीटर उंच, पिवळसर बेसॉल्ट. कमानीचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही आत जाऊन जाळ्या बघा. ढगांतून उजेड आला की त्यांची नक्षी फरशीवर उतरते.

प्रश्न: किनाऱ्यावरून डॉल्फिन दिसतात का? (एक वाचक, ठाणे)

दिसतात. हिवाळ्यातली वारा नसलेली सकाळ हवी. मरीन ड्राइव्ह, वरळी, वर्सोवा. हे कुबड असलेले डॉल्फिन, गडद राखाडी, अडीच मीटरच्या आसपास. उड्यांची वाट पाहू नका. आधी लांब चोच, मग कुबड आणि त्यावरचा लहानसा त्रिकोणी पर, मग काहीच नाही. परत वर यायला एखादं मिनिट किंवा जास्तही. एकदा दिसला की तिथेच न बघता तो ज्या दिशेला जात होता तिकडे थोडं पुढे नजर ठेवा.

प्रश्न: पावसाळ्यात वाळूवर जिवंत कासव सापडलं. लोकांनी ते पाण्यात ढकललं, ते पुन्हा बाहेर आलं. काय करायला हवं होतं? (एक वाचक, विरार)

ढकलायला नको होतं. जिवंत कासव दिवसा किनाऱ्याला लागतं ते बहुधा जखमी किंवा थकलेलं असतं म्हणून. तुटक्या जाळ्यात वल्ह्यासारखा पाय कापला जातो, किंवा शरीरात हवा साठून त्याला बुडीच मारता येत नाही. परत ढकललं की ते बुडून मरू शकतं. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं.

सावलीत घ्या, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. पाण्याच्या टबात बुडवू नका. पाय धरून उचलू नका, दोघांनी कवचाच्या कडा धरा. गर्दी आणि कुत्री लांब ठेवा. अंगातलं जाळं ओढून काढू नका, फक्त लोंबणारा भाग कापा. आणि लगेच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. सांगताना किनाऱ्याचं नाव, जवळची खूण, कासवाची अंदाजे लांबी आणि भरती चढतेय की उतरतेय हे चार तपशील द्या. चढती असेल तर पथक येईपर्यंत कासव भरतीच्या रेषेच्या वर सरकवून ठेवा.